लागुशचा उकिरडा

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, अटलांटिकच्या काठावर लागुश नावाचं बंदर आहे. नकाशात लॅगोस वाचाल, तिथली माणसं लागुश म्हणतात. तिथनं पश्चिमेला तीसेक किलोमीटर गेलं की साग्रेश, आणि आणखी सहा किलोमीटरवर युरोपची जमीन खलास. पुढं नुसतं पाणी, अमेरिकेपर्यंत. या पट्ट्यात एका दिवसाची सहल निघते. आठ माणसांची गाडी, एक गाइड. सकाळी नऊला निघायचं, पाचला परत. तिकिटाच्या कागदावर छापलेलं : शोधांचा किनारा.

पोरांनो, तुम्ही म्हणाल, म्हातारा आता सहलीची वर्णनं लिहायला लागला. लिहू द्या. पांढरपेशांची प्रवासवर्णनं आपण पुष्कळ वाचली. आयफेल टॉवर आणि लंडनचं धुकं त्यांनी शाळेतच आपल्या बोकांडी बसवलं. त्यांनी जे गाळलं ते कुणीतरी लिहायला पाहिजे. त्यासाठी तरी आपल्यातल्या एखाद्यानं तिकडं जाऊन यावं.

माझी पोरगी कोइम्ब्रा विद्यापीठात शिकते. विषय मानवशास्त्र, त्यातही हाडं. "हाडं?" म्हणून तिच्या आईनं कपाळाला हात लावला होता. पण आमच्या घराण्याला हाडं काही नवी न्हाईत. माझ्या आज्यानं जन्मभर गावची मेलेली ढोरं ओढली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, हे काम सोडा. ते शब्द आमच्या गावापर्यंत पोचायला वर्षं लागली. माझ्या बापानं १९५६ ला धम्म घेतला आणि दोर खाली टाकला. मग गावानं दळण बंद केलं, दुकान बंद केलं, बांधावरनं जायची वाट बंद केली. पाटलाची मेलेली म्हैस तीन दिवस गोठ्यात फुगून पडली होती, आणि अख्खं गाव नाकाला फडकं लावून आमच्या वस्तीकडं बघत होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तुमच्याच गावाचं घ्या. ही गोष्ट पोरीला लहानपणापासनं पाठ आहे. मी पोस्टातून निवृत्त झालो, तिनं विमानाचं तिकीट पाठवलं. म्हणाली, "आप्पा, समुद्र तर बघाच. पण संध्याकाळी मी तुम्हाला सहलीत नसलेली एक जागा दाखवणार."

सहल सुरू झाली ती लागुशच्या चौकातनं. मधे राजपुत्र हेन्रीचा पुतळा. हाच तो दर्यावर्दी हेन्री, आपल्या शाळेच्या पुस्तकातला. हा स्वतः मोरोक्कोच्या पलीकडं कधी गेला नाही, जहाजं पाठवली. पुतळा १९६० चा, सालाझारच्या हुकूमशाहीतला, हेन्रीच्या मरणाला पाचशे वर्षं झाली म्हणून बसवलेला. आणि त्याच चौकाच्या कोपऱ्यात कमानींची एक छोटी इमारत. गुलामांचा बाजार म्हणतात तिला. २०१६ पासून तिथं गुलामगिरीचं संग्रहालय आहे. गाइड तरुण पोरगा होता, चांगला होता, पाठ केलेलं बोलत होता. त्यानं बोट केलं, युरोपातल्या पहिल्या गुलामबाजारांपैकी हा एक म्हणाला, आणि पुढच्या वाक्यात कॉफी कुठं चांगली मिळते ते सांगितलं.

उरलेलं पोरीनं मला हळू आवाजात मराठीत सांगितलं. ८ ऑगस्ट १४४४. सहा जहाजं २३५ माणसं घेऊन आली. आज जिथं मॉरिटानिया आहे, त्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांवर धाडी घालून पकडलेली. पोरं, बाया, म्हातारी. ऊन चढायच्या आत त्यांना उतरवलं आणि वेशीबाहेरच्या माळावर उभं केलं. नीट ऐका, वेशीबाहेरच्या. तिथं पाच वाटे पाडायचे होते. वाटे सारखे यावेत म्हणून बाप एका ढिगात, लेक दुसऱ्या ढिगात. आया पोरांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडल्या, मार खाल्ला, पण सोडीनात. हेन्री घोड्यावर बसून बघत होता. त्याचा पाचवा हिस्सा, ४६ जीव. ते त्यानं तिथंच आपल्या माणसांना वाटून टाकले.

हे कुणा शत्रूनं लिहिलेलं नाही. हेन्रीच्याच बाजूच्या झुरारा नावाच्या बखरकारानं लिहून ठेवलंय. लिहिताना त्याचं काळीज हललं म्हणतो. आणि मग लगेच समजूत घालतो, की यांच्या आत्म्यांचं भलं झालं, यांना खरा देव मिळाला. हा सूर ओळखीचा वाटतो का? मला वाटला. आपल्याला हजारो वर्षं सांगितलं, सेवा करा, पुढच्या जन्मी भलं होईल. ११ वर्षांनी, १४५५ ला, पोपनं लेखी फर्मान काढलं की पोर्तुगालच्या राजानं बिगरख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करावं, हरकत नाही. म्हणजे स्मृतीही तयार झाली.

चौकातनं गाडी निघाली तेव्हा ओळखी झाल्या. एक जर्मन कुटुंब, आणि पुण्याचं एक जोडपं. आमचं मराठी ऐकून गृहस्थ खूश. "अरे वा, आपली माणसं! मूळचे कुठले आपण?" माणदेशातला, म्हणालो. "आणि आडनाव?" सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं, "मुलगी स्कॉलरशिपवर असेल ना?" पोरगी म्हणाली, "हो काका, मेरिटची यादी तुम्हाला पाठवू का?" बाई मात्र भल्या होत्या. त्यांनी बाकरवडीचं पाकीट गाडीभर फिरवलं, आम्हालाही दिली. खोटं कशाला बोलू.

पहिला थांबा पोंता द पिएदाद. समुद्र बघितला नव्हता असं नाही, मुंबईत नोकरी केली. पण हा दर्या वेगळा. पिवळ्या चुनखडीचे कडे सरळ पाण्यात उतरलेले. लाटांनी त्यांना कोरून कमानी केल्या, गुहा केल्या, काही सुळके तर कड्यापासनं तोडून पाण्यात एकटे उभे ठेवले. खाली होड्या माश्यांएवढ्या. पायऱ्या उतरत गेलो तसा पाण्याचा घोगरा आवाज वाढत गेला. डोळ्याला सुख झालं. सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायला आपण कशाला लाजायचं? दगडानं कुणावर अन्याय केलेला नाही.

पुढं झाडं कमी कमी होत गेली. साग्रेशला तर एक झाड नाही. वाराच एवढा, की उभं राहून बोलता येईना. सपाट, करड्या खडकाची जीभ समुद्रात घुसलेली, आणि तिच्या मुळाशी आडवी भिंत घालून केलेला किल्ला. तीन बाजूंना कडे, एका बाजूला भिंत. १५८७ ला इंग्रजांच्या ड्रेकनं हा जाळला, १७५५ च्या भूकंपात आणि लाटेत पुन्हा पडला. आत जमिनीवर दगडांचं एक प्रचंड वर्तुळ आहे, चाळीस मीटरच्या वर रुंद, मधनं आरे निघालेले. गाइड म्हणाला, वाऱ्याची दिशा दाखवणारं होकायंत्र, हेन्रीच्या नाविकशाळेतलं. पोरीनं माझ्याकडं बघून मान हलवली. अशी शाळा इथं भरत होती याला पुरावा नाही, हे आता पोर्तुगालचेच इतिहासकार सांगतात. वर्तुळ कशाचं आणि केव्हाचं यावरही पंडितांचं एकमत नाही. म्हणजे नसलेल्या शाळेचं वर्तुळ आम्ही अर्धा तास बघितलं आणि असलेल्या बाजारासमोर अडीच मिनिटं थांबलो.

मला तिथं आवडली ती माणसं वेगळीच होती. कड्याच्या अगदी कडेला गावकरी गळ टाकून उभे होते. दोर खाली साठ-साठ हात गेलेला. पाय घसरून दरवर्षी कुणी ना कुणी जातं, गाइड म्हणाला. आणखी काही जण तर खाली उतरतात. खडकाला चिकटलेला पेर्सेव्ह नावाचा एक जीव असतो, बोटाएवढा, त्याच्या टोकाला नखासारखं कवच. कोकणात बायका खडकावरची कालवं फोडतात ना, तसलंच काम, फक्त इथं दोरीला लोंबकळून, दोन लाटांच्या मधल्या वेळात लोखंडी पट्टीनं खरवडायचं. शहरातल्या हॉटेलात त्याला मोठा भाव. खरवडणारा ते स्वतः किती वेळा खातो, असं मी विचारलं. गाइड हसला. त्याचा आजाही हेच करायचा म्हणाला. मग तो पाठ केलेलं सोडून जरा खरं बोलायला लागला. हेन्रीपेक्षा आज्याबद्दल त्याला जास्त माहीत होतं. सगळ्यांचंच तसं असतं.

तिथनं केप सेंट व्हिन्सेंट. युरोपच्या मुख्य भूमीचा नैऋत्येचा शेवट. १८४६ चा लाल टोपीचा दीपस्तंभ. पूर्वी इथं मठ होता. जर्मन पोरं कठड्याशी फोटो काढत होती आणि पोरीनं मला झुराराच्या बखरीतलंच आणखी एक सांगितलं. १४४४ च्या त्या वाट्यांच्या आधी देवाचा वाटा काढला होता. एक चांगला माणूस गावच्या देवळाला, आणि एक लहान पोरगं इथं, या टोकावरच्या मठाला. तो पुढं संन्यासी झाला आणि ख्रिश्चन म्हणूनच जगला, एवढंच लिहिलंय. त्याचं नाव नाही. त्याच्या आईचं काय झालं ते नाही.

मी पाण्याकडं बघत बसलो. आमच्या वस्तीत एक पोतराज होता. लहानपणी जगत नव्हता म्हणून लक्ष्मीआईला सोडलेला. अंगावर कोरडे ओढून घ्यायचा आणि पोरांना बघून हसायचा. शेजारच्या गावची एक पोरगी यल्लम्माला सोडली होती. देवाला सोडायला बामणाचं पोर कधी का घावत नाही? आणि हा इथला पोरगा, वाळवंटाच्या काठावरनं उचललेला. या वाऱ्यात, या दगडावर, परक्या भाषेत प्रार्थना म्हणत म्हातारा झाला असंल. ज्या दिशेनं त्याला आणलं ती दक्षिण इथनं उघडी दिसते. रोज दिसत असणार.

जेवायला एका खानावळीत बसलो. भाजलेले सार्डिन, उकडलेले बटाटे. गाइडनं वाइनची बाटली मागवली. मी घेत नाही, बाटली नुसती हातात घेऊन बघत होतो. मागच्या चिठ्ठीवर एक शब्द : कास्ता. पोरीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "वाण, आप्पा. द्राक्षाची जात. पोर्तुगालातल्या बाटल्यांवर असंच लिहितात, या वाइनमधे अमुक तमुक कास्ता आहेत." इंग्रजीतला कास्ट हाच. इथनं हेन्रीच्या वारसांची जहाजं निघाली, १४९८ ला गामा कोळिकोडला उतरला, १५१० ला गोवा घेतलं, आणि आपल्याकडं माणसांची जी रचून ठेवलेली उतरंड दिसली तिला या लोकांनी आपला पैदाशीचा शब्द लावला.

पुण्याच्या गृहस्थांना विषय मिळाला. गाइडला इंग्रजीत सांगायला लागले, की ही जात वगैरे सगळी ब्रिटिशांनी शिरगणती करून पक्की केली, त्याआधी असं नव्हतंच. आणि आता तर काहीच राहिलं नाही. सकाळी साडेनऊला यांनी आडनाव विचारलं होतं, दुपारी दीडला जात संपली. चार तासांत जातिअंत! बाबासाहेबांना उगाच जन्म घालवावा लागला.

पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, शब्द पोर्तुगीजांचा, वस्तू आपल्याकडचीच. इंग्रज यायच्या आधीची." आणि तिनं दाखला दिला. गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेट एके काळी याच्याकडं भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ ला त्यानं औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, गोव्यातच. त्यात त्यानं लिहिलंय की इथं बापाचा धंदा कुणी बदलत नाही, चांभाराच्या कास्तातले सगळे चांभारच. चारच वर्षांनी, १५६७ ला, गोव्यात पाद्र्यांची परिषद भरली. तिनंही नोंदवलं, की वरच्या कास्ताचा माणूस खालच्याबरोबर खात-पीत नाही. "तेव्हा कुठली शिरगणती होती?" गृहस्थ म्हणाले, "तुम्ही फार सेन्सिटिव्ह होता बुवा." बाईंनी बटाट्याची ताटली पुढं सरकवली.

या ऑर्ताचं पुढं काय झालं तेही ऐका. तो मूळच्या यहुदी घराण्यातला, ख्रिश्चन झालेला. मेल्यावर धर्मसभेला कळलं की मनातनं यहुदीच होता. १५८० ला गोव्यात त्याची हाडं उकरून जाळली. दुसऱ्याच्या देशातली वंशाची उतरंड ज्यानं टिपून ठेवली, त्याला स्वतःच्या वंशानं थडग्यातही सोडलं नाही.

पाचला गाडीनं चौकात सोडलं. हात हलवले, जो तो आपल्या वाटेनं. पोरीनं मला गावाच्या जुन्या तटाबाहेर नेलं. चालत थोडंच अंतर. तिथं एक मोठं भूमिगत पार्किंग आहे आणि त्याच्या डोक्यावर बाग. २००९ ला त्या पार्किंगसाठी खणत होते. खणता खणता माणसांची हाडं लागली. दीडशेहून जास्त माणसं. पंधराव्या ते सतराव्या शतकातली. जागेचं जुनं नाव व्हाल द गाफारिया, म्हणजे महारोग्यांच्या आश्रयाची दरी. महारोगी जिथं ठेवायचे तिथंच गावचा उकिरडा होता, आणि उकिरड्यात ही माणसं टाकलेली. फुटकी मडकी, जनावरांची हाडं, राख, आणि त्यात माणसं. पुरलेली नाहीत, फेकलेली. कुणी पालथं, कुणी वाकडं. काहींचे हात बांधलेले असावेत असे. लहान पोरंही. काहींचे दात कानशीनं घासून टोकदार केलेले, आफ्रिकेत जशी रीत होती तसे. पुढं हाडांतल्या जनुकांचीही तपासणी झाली, तीही आफ्रिकेकडंच बोट दाखवते. ही हाडं अभ्यासाला नेली ती पोरीच्याच विद्यापीठात.

"नुसती इथं नाही," ती म्हणाली. लिस्बनमधे तर गुलामांची प्रेतं रस्त्याकडेला टाकायचे, कुत्री ओढायची. १५१५ ला राजा मानुएलनं पत्र काढलं, एक खड्डा खणा आणि वरनं चुना टाकत जा. दया म्हणून नाही, दुर्गंधी आणि रोगराई म्हणून. त्या भागातल्या रस्त्याचं नाव अजून काळ्यांची विहीर असंच आहे.

मी बाबासाहेबांचं काढलं. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची त्यांनी तुलना केलीय. गुलाम मालकाची मालमत्ता, त्याला किंमत, म्हणून मालक त्याला जगवायला तरी बघतो. अस्पृश्याची जबाबदारी कुणावरच नाही. म्हणून अस्पृश्यता जास्त वाईट. मी हे भाषणातनं शेकडो वेळा सांगितलंय. पोरगी म्हणाली, "बरोबर आहे आप्पा. पण किंमत जिवंतपणाची होती. दम गेला की हिशोब मिटला, मग उकिरडा. आपल्या आज्याला गावानं मेलेली ढोरं दिली. इथं या माणसांनाच मेलेलं ढोर केलं. कुणाचं जास्त वाईट, हे मोजत बसू नका. बाबासाहेबांनी ते मोजलं, कारण त्यांना जगाला पटवायचं होतं की आमचंही मोजा. १९४६ ला त्यांनी अमेरिकेत डू बॉइसना पत्र लिहिलं ते काय तुलनेसाठी? निग्रो लोकांनी युनोकडं अर्ज कसा केला ते बघायला." मी गप्प बसलो. पटलं पूर्ण, असं नाही. ही चर्चा आमच्यात अजून चालू आहे, आणि ती तुमच्यातही व्हावी म्हणून लिहितोय. पोर्तुगालनं साम्राज्यातली गुलामगिरी कायद्यानं बंद केली १८६९ ला. चारच वर्षांनी पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तोवर पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांनी अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे ५८ लाख माणसं चढवली होती. सगळ्या देशांची मिळून सव्वा कोटी. दुसऱ्या कुठल्या झेंड्यानं एवढी नेली नाहीत.

बागेत पाटी शोधली. मला दिसली ती खेळाच्या दराची. हो, त्या बागेत मिनीगोल्फ बसवलंय. हिरवं खोटं गवत, वळणाच्या पट्ट्या, प्रत्येकीच्या शेवटी एक भोक. खाली गाड्या, त्यांच्याखाली जे काय राहिलं असेल ते. यावर तिथल्याही लोकांनी आवाज उठवलाय, हेही सांगायला पाहिजे. त्यातल्या एकीबरोबर पोरगी काम करते. त्या दोघी हाडांच्या यादीवर काम करतात. वय, उंची, दात, हाताची स्थिती. नावाचा रकाना यादीत नाहीच. पोरीनं तिच्या वहीत तो आखून मोकळा ठेवलाय. मास्तरांनी विचारलं, हा कशाला? म्हणाली, आमच्याकडं असतो.

आम्ही बाकावर बसून डब्यातली पोळी खाल्ली. एक गोरं पोरगं, सहा-सात वर्षांचं, बापाबरोबर खेळत होतं. त्याचा चेंडू उसळून माझ्या पायाशी आला. मी उचलून दिला. ओब्रिगादु म्हणालं आणि पळालं. साडेसातची बस होती. पोरीनं वही पिशवीत घातली आणि आम्ही स्टँडकडं निघालो.